पायापुरतं पाणी

सातव्या महिन्यात बनूचे पाय सुजले. पोटुशा बाईचे पाय सुजतात, त्यात नवल नाही. पण हिची जोडवी मांसात रुतून बसली आणि संध्याकाळी चुलीपुढून उठताना ती भिंतीला हात लावायला लागली. आमच्या गावच्या सुईण भामाबाई, त्यांनी घोट्यावर अंगठा दाबून बघितला. खळगा पडला. त्यांची तपकीर ओढून झाली तरी तो भरला नव्हता.

बनू माझी भावजय. माझा धाकटा भाऊ जोतीराम पलटणीत होता, ब्रह्मदेशाच्या तोंडावर कुठंतरी. सन चव्वेचाळीस सरत आलं होतं. कऱ्हाडजवळच्या मलकापूरच्या अलीकडं आमचं घर, थोडा ऊस, एक म्हैस आणि आम्ही दोघी. मी सोळाव्या वर्षी पांढऱ्या कपाळानं माहेरी परत आले तेव्हा जोतीराम चार वर्षांचा होता. आईबाप पुढं लवकर गेले आणि तो माझ्याच अंगावर वाढला. थंडीच्या दिवसांत परसातल्या न्हाणीच्या दगडावर उभा राहायला तो तयार नसायचा. 'आक्का, गार लागतंय,' म्हणत माझ्याच पावलांवर चढून उभा राहायचा. मग मी दोघांच्या अंगावर मिळून पाणी ओतायची.

तो शाळेत जायला लागला तेव्हा त्याच्या पाटीवरची अक्षरं त्याच्या आधी मला आली. पुढं पलटणवाल्यांच्या बायका पत्रं घेऊन माझ्या ओट्यावर बसायला लागल्या. वाचायची मी, लिहायची मी. आमच्या गावातून लढाईवर गेलेलं सगळं प्रेम माझ्याच वळणाच्या अक्षरात गेलं.

म्हणून ते पत्रही माझ्याच हातात पडलं.

छापील होतं. मजकूर आधीच छापलेला, मधल्या मोकळ्या जागांत शाईनं नाव, नंबर आणि तारीख भरलेली. बनू नदीवर धुणं धूत होती. मी ते उभ्यानंच वाचलं, घडी घातली, तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी सारलं, वर डाळ ओतली आणि विहिरीवर जाऊन लुगड्यासकट अंगावर पाणी घेतलं. रडायचं तेवढं राहून गेलं.

बनूचं पोट त्याआधी दोनदा रिकामं झालं होतं. दुसऱ्या खेपेला तर तिचा भाऊ पटकीनं गेल्याचा सांगावा आला आणि दोन दिवसांत सगळं संपलं. ह्या वेळी वाईट बातमी सोडा, वाईट स्वप्नसुद्धा हिच्यापर्यंत जाऊ देऊ नका, असं भामाबाईंनी मला बजावलं होतं. तेव्हा मी मनाशी ठरवलं: बाळ हातात येऊ दे, मग बोलू. तोवर जोतीराम जिवंत.

संध्याकाळी बनूनं विचारलं, पत्र आलं म्हणतात? आमचा पोस्टमन कुणाचं पत्र पोटात ठेवणाऱ्यांतला नव्हता. मी डब्यातून तेच पत्र काढलं, तिच्यासमोर उघडलं आणि वाचलं. मी खुशाल आहे. पुढं चार महिने पत्र येणार नाही, काळजी करू नये. आक्काचं ऐकत जा. एवढं पुरे होतं. पण बनूचं तोंड असं उजळलं, की मला हुरूप आला आणि मी आणखी एक ओळ वाचली. पाय सुजले असतील तर ऊन पाण्यात घालून बसत जा.

बनूनं आपल्या पायांकडं बघितलं. मग म्हणाली, "पाय सुजल्यालं त्यास्नी कसं कळलं, वन्सं?"

नवराच आहे तो तुझा, असं काहीतरी मी बोलले.

बनूला वाचता येत नव्हतं, पण ऐकलेलं ती विसरत नसे. घरच्या बंबातलं पाणी तिला चालेना. त्यांनी सांगितलंय तर नीट करायचं. आणि भामाबाईंनीच सांगितलं, की पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यात, डोंगरातून ऊन पाण्याचा झरा येतो आणि लोक तिथं पाय घालून बसतात. सुजेला, वाताला लय गुण. मी थंडीचं कारण काढलं, गाडीच्या हादऱ्याचं काढलं. बनूनं प्रत्येकाला एकच उत्तर दिलं: त्यांनी सांगितलंय. माझ्याच ओळीनं मला गाडीत बसवलं.

शेजारचा गुंडा, आपला एक चांगला बाप्या, बैलगाडी घेऊन आला. पाटणात मावशीकडं मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही झऱ्यावर पोचलो. पत्र आल्याला तो नववा दिवस होता. मी दिवस मोजत नव्हते असं म्हणणार नाही.

डोंगर जिथं दुमडतो तिथं दगडात बांधलेलं एक लांबट कुंड होतं. बारा-चौदा हात लांब, गुडघ्याएवढं खोल, दोन्ही बाजूंना बसायला पायऱ्या. वरच्या टोकाला पाणी खालून उसळत यायचं आणि खालच्या टोकानं शेताकडं निघून जायचं. अंघोळ करायची नाही, कपडा बुचकळायचा नाही. इथलं पाणी पायापुरतं. पाण्याला काडेपेटीच्या गुलाचा वास. लढाईमुळं काडेपेटी मिळेनाशी झाली होती, वास तेवढा इथं मोप होता. रंग भाताच्या पेजेसारखा. पाय आत घातला की घोट्याखाली आपलाच पाय आपल्याला दिसत नसे.

पाटणचा बाजार होता म्हणून आमच्याशिवाय कुणी नव्हतं. पायऱ्यांशी राहीबाई गुरवीण बसलेली. दोन्ही डोळ्यांत सारा वाढून दिसेनासं झालेलं. ती माणसं पायांवरून ओळखायची. माझ्या टाचेवरून हात फिरवून म्हणाली, ह्या भेगांत हरभरा पेरला तर उगवंल. बनूच्या जोडव्यांवर बोट थांबलं तशी तिनं कमरेच्या डबीतून तूप काढून त्यांना चोळलं. इथं चांदी काळी पडते म्हणाली.

मग तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि आवाज बदलून विचारलं, "घरात कुनाचं सुतक? ज्येनं त्येनं आपल्या तोंडानं सांगायचं. पानी खालनं येतंय."

बनू सरळ म्हणाली, "न्हाई."

मी विचार केला, सुतक घराला लागतं. घराला तर ठाऊक नाही. ठाऊक मला आणि एका डाळीच्या डब्याला.

"न्हाई," मी म्हणाले.

गुंडा बैलांना पाणी दाखवायला ओढ्यावर गेला. आम्ही दोघी शेजारी बसून पाय आत सोडले. पहिल्यांदा चटका बसला, मग तो चटका हळूहळू पोटऱ्यांतून वर चढत सुख होत गेला. बनूनं डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी तिच्या कपाळावरची आठी गेली. समोरच्या डोंगरावरून ऊन खाली उतरत होतं आणि पाण्यावरची वाफ आमच्या गुडघ्यांशी घुटमळत होती. मला वाटलं, खोटं बोलून का होईना, काहीतरी चांगलं झालं माझ्या हातून.

"वन्सं, तुमी कशाला?" बनू डोळे न उघडता म्हणाली. तिला अवघडल्यासारखं झालं होतं.

"काय कशाला?"

"पाय दाबताय न्हवं माझं. मोठ्या हायसा तुमी."

माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते. मी काही बोलले नाही म्हणून तिनं डोळे उघडले आणि माझ्या हातांकडं बघितलं. मग पाण्याकडं बघितलं. तिनं पाय काढून घ्यावेत म्हणून मी वाट बघत होते. तिनं काढले नाहीत.

"टाचंपासनं धरलंय," ती हळू म्हणाली. "ह्येंच्यावानी."

पाण्याचा झोत असेल, मी म्हणाले. वरच्या टोकाला पाणी उसळत होतं, ते खरं होतं. पण आम्ही बसलो होतो तिथं पाणी हलत नव्हतं. वरची साय तुटली नव्हती.

तेवढ्यात माझ्या उजव्या पावलावर काहीतरी ठेवलं गेलं.

मऊ होतं, जड होतं, आणि त्या ऊन पाण्यात ते विहिरीच्या तळासारखं गार होतं. मी पाय ओढायला गेले तर डाव्या पावलावरही तसंच वजन आलं. आधी हलकं. मग वाढत गेलं, जसं कुणी आधी अंदाज घ्यावा आणि मग अंग सोडून उभं राहावं.

पावलं होती ती. माझ्या पावलांवर उभी.

मला बोटं लागत होती. उजव्या पायावर पाच.

डाव्यावर चार.

मी ओरडले नाही. माझ्या अंगावर वाढलेला माझा भाऊ, आणि मी त्याला भ्यायले. इतकी, की शेजारी पोटुशी पोर बसली आहे हेही क्षणभर विसरले. मग आठवलं. तिच्या दंडाला धरून मी कशीबशी उठले. उठताना वजन सरकलं, घसरलं, आणि माझे पाय मोकळे झाले. आम्ही पायरीवर आलो.

वर राहीबाई गार पाण्याची घागर घेऊन बसली होती. तिथली रीतच तशी: ऊन पाण्यातून आल्यावर घेरी येते म्हणून ती प्रत्येक पाय डाव्या हातानं चाचपायची आणि उजव्या हातातल्या तांब्यानं त्यावर गार पाण्याची धार धरायची. बनूचा एक पाय, दुसरा पाय. माझा एक, माझा दुसरा.

तिचा डावा हात पुढं सरकला. माझ्या शेजारी पायरी मोकळी होती. त्या मोकळ्या जागेत, दगडापासून चार बोटं वर, तो हात थांबला.

तिनं धार धरली.

पाणी दगडावर पडलं नाही. वरच्या वर पसरलं, पावलाच्या उंचवट्यावरून पसरतं तसं, आणि मग दोन्ही अंगांनी दगडावर उतरलं.

तिनं हात आणखी पुढं नेला. बोटं चाचपली. पुन्हा चाचपली.

"ह्या डाव्या पायाचं बोट कुटं गेलं?"

"कोयत्यानं तुटलं," मी म्हणाले. "वाडं तोडताना. माझ्या हातनं."

शब्द तोंडातून गेले ते गेलेच. जोतीराम पाच वर्षांचा असताना उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा पाला, तोडताना माझा कोयता निसटला होता. मी आईला सांगितलं, तो खेळत होता, त्याचं त्यानंच लावून घेतलं. आणि त्यानं रडत रडत तेच सांगितलं. मला सांभाळून घेतलं. बनूलाही दोघांनी तेच सांगितलं होतं.

बनू माझ्याकडं बघत होती.

राहीबाईनं तांब्या खाली ठेवला. हात झटकला नाही, लुगड्याला पुसलाही नाही.

"मगाशी मी इचारलं तवा तुमी काय म्हनला, बाई?"

मी खाली वाकून पाय पुसायला लागले.

"जावा आता," ती म्हणाली. "मागं बघू नगा म्हनून सांगत न्हाई. बघून न बघून आता सारखंच."

गाडीत बसल्यावर बनूनं पाय पुढं घेतले. तूप लावूनही जोडवी काळीकुट्ट झाली होती, आणि सूज मात्र कुठल्या कुठं गेली होती. तिनं जोडवी एकेक करून काढली आणि पदराच्या गाठीत बांधली. घासून घालीन म्हणाली. मी बरं म्हणाले. सवाशीण बाई जोडवी अशी काढत नाही हे तिलाही माहीत होतं, मलाही.

उतार लागण्याआधीच गुंडानं गाडी थांबवली. जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जात होतं. "आक्का, गाडी उलाळ झालीया," तो म्हणाला. "मागं कोन बसलंय? फुडं सरका."

आम्ही दोघी पुढंच बसलो होतो, त्याच्या पाठीला लागून. मागं नुसती गोधडी होती. गुंडानं वळून बघितलं, मग बैलांकडं बघितलं आणि स्वतःच पुढं सरकून बसून गाडी हाकली. पाटणच्या वेशीत मात्र एवढंच म्हणाला, बैलांना आज काय झालंय कळत नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. बनू शांत होती. जेवायची, झोपायची, पाय पुन्हा सुजले नाहीत. पण रोज सकाळी तिच्या गोधडीच्या पायथ्याशी सारवलेली जमीन ओली असायची. दोन पावलांपुरती. आणि घरात गुलाचा वास. ती उठायच्या आत मी शेणाचा हात फिरवून घ्यायची. तो नुसता बघायला येतो, की न्यायला आला आहे, हे मला कळत नव्हतं. ज्याला कडेवर खेळवलं त्याला मी मनातल्या मनात हात जोडायची, की बाबा, पोटातल्याला हात लावू नकोस. एकाही रात्री मी पाठ टेकून झोपले नाही. पायांशी बसून राहायची. डुलकी लागली की जमीन ओली व्हायची.

फाल्गुनात बनू बाळंत झाली. मुलगा. भामाबाईंनी नाळ कापली आणि तो खणखणीत रडला. मी आधी त्याची बोटं मोजली. हाताची दहा, पायाची दहा. मग कुठं मला रडायला आलं, आणि गेलेल्याचं, आलेल्याचं, दोघांचंही रडून घेतलं.

बारसं झाल्यावर मी डाळीचा डबा पुढ्यात घेऊन बनूजवळ बसले. पत्र वर काढलं. डाळ कोरडी होती, डबा कोरडा होता. पत्र भिजलेलं होतं आणि शाईनं भरलेलं नाव फुटून पसरलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं तशी बनू म्हणाली, "ठावं हाय मला, वन्सं."

"कवापासनं?"

"पाय धरलं तवापासनं." तिनं बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. "त्येच म्हनलं, आक्काला आत्ता काय बोलू नगंस. बाळ हातात येऊ दे, मग बोलू."

ते शब्द मी कुणाजवळ बोलले नव्हते.

मग उशिरानं का होईना, आम्ही कऱ्हाडला घाटावर जाऊन सगळे विधी केले. पिंड ठेवल्याबरोबर कावळा शिवला. भटजी म्हणाले, आत्मा तृप्त आहे. जमीन ओली होणं थांबलं, वास गेला. मी पुन्हा लोकांची पत्रं वाचायला लागले. लढाई संपली. ज्यांचे यायचे होते त्यांचे आले.

पुढच्या मार्गशीर्षातली गोष्ट. बाळ दहा महिन्यांचं झालं होतं. अजून धरून उभं राहत नव्हतं, नुसतं रांगायचं. मी त्याला परसात न्हाणीच्या दगडावर बसवलं आणि बंबातून पाणी काढायला वळले. दगड असा गार होता की माझीच बोटं बधिरली होती. पोरगं रडेल म्हणून मी घाई केली.

ते रडत नव्हतं. वळून बघितलं तर दगडावर उभं होतं. कशाला धरलं नव्हतं. दोन्ही हात वर, मुठी मिटलेल्या, कुणाची बोटं धरावीत तशा. जरासं डुलत होतं आणि खुदुखुदू हसत होतं.

मी तांब्या ओतला, म्हणजे हातातून सुटलाच तो. पाणी दगडभर झालं.

मग बाळ चालायला लागलं. दारात बनू उभी होती, तिच्याकडं. सारवलेल्या अंगणातून सात-आठ पावलं टाकली त्यानं. पाऊल लांब पडत होतं, इवल्या पायांना न झेपणारं. बनूनं पुढं होऊन त्याला उचललं.

अंगणात ओली पावलं उमटली होती. दगडापासून दारापर्यंत. मोठी, माणसाची. डावं चार बोटांचं. बाळाचं त्यांत एकही नव्हतं.

बनूनं पदर घेतला आणि बाळाचे तळवे पुसायला गेली. थांबली. मग माझा हात ओढून तिनं त्या तळव्यांवर ठेवला.

तळवे कोरडे होते.